राबणाऱ्या हातांचा व्यायाम

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिना म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. पहाटे जंगलात पाने तोडायची, घरी आणून 70-70 पानांची पुडकी बांधायची. मजुरी पुडक्यांवर मिळते. मनगट धरले की मजुरी बुडते. मग पावसाळ्यात रोवणे आहेच.

रोज राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण बंधुभगिनींनो, मूठ आवळणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. कामात तेच पुन्हा पुन्हा आवळले जातात. बोटे उघडणारे, मनगट वर उचलणारे स्नायू मात्र कच्चे राहतात.

म्हणून हंगामाच्या दोन महिने आधीपासून आम्ही घरची मंडळी एक दिवसाआड एवढे करतो. हात मांडीवर टेकवून, पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरून मनगट सावकाश वर-खाली : तळहात वर ठेवून 10 वेळा, खाली ठेवून 10 वेळा. काठीला दोरीने लहान दगड बांधून दोरी गुंडाळणे, सोडणे. शेवटी ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळणे. वजन हळूहळू वाढवावे.

दुखू लागले तर थांबावे. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांची सारी इस्टेट हे दोन हात. त्यांची निगा आपणच राखली पाहिजे.