गढूळ पाण्यात गरी

फेब्रुवारी सरत आला की कोडगूत एखाददुसरा वळीव पडतो. कॉफीवाल्यांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात, कारण त्या शिडकाव्याशिवाय कळ्या उमलत नाहीत. डोंगरावर त्या पावसाची फुलं होतात, खाली आमच्या वाट्याला गाळ येतो. ब्रह्मगिरीत उगम पावून इरुप्पूच्या कड्यावरून उतरलेली लक्ष्मणतीर्थ नदी हुणसूर ओलांडून सागरकट्ट्याच्या बाजूला कृष्णराज सागराच्या फुगवट्यात शिरते, तेव्हा तिचं पाणी तांबूस आणि दाट झालेलं असतं. या दिवसांत धरणाची पातळीही उतरत असते. पावसाळ्यापासून पाण्याखाली असलेली जमीन उघडी पडते, म्हशी तिथे तासन्‌तास लोळतात. हात बुडवला तर मनगटाखाली काही दिसत नाही.

येलवालहून हा काठ जवळ आहे. हुणसूर रस्त्यावरच्या या गावात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रत्नहळ्ळीच्या प्रकल्पाची वसाहत आहे, आणि तिच्यामुळे मुंबईकडून बदलून आलेली मराठी कुटुंबं इथे रुजली आहेत. आमचं त्यांतलंच एक. मी मूळचा पेण तालुक्यातला. जिताड्याच्या गावचा, त्यामुळे गरवणं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. गरीला कोळंबी टोचायची, तंगूस बोटावर धरायचा आणि भरतीची वाट बघायची. पण पिसांची माशी बांधून ती गोड्या पाण्यात फेकायची विद्या मी म्हैसूरला आल्यावर शिकलो, आणि गेली कित्येक वर्षं मत्स्य विभागाचा परवाना खिशात ठेवून याच काठाने हिंडतो आहे.

या विद्येची गंमत अशी की फेकायच्या वस्तूला वजनच नसतं. एरवी आपण शिसं बांधतो किंवा आमिषाच्या भाराने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये वजन असतं ते दोरीत. जाड, मेणचट दोरी काठीने मागे उलगडायची, ती पूर्ण ताठ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. टोकाची माशी तिच्यामागून निमूट जाते. हे सगळं शास्त्र घडलं ते थंड मुलखातल्या नितळ ओढ्यांवर. पाणी स्वच्छ, मासा वर बघतोय, खऱ्या माशीसारखी दिसणारी खोटी माशी अलगद उतरते. आपल्याकडच्या नद्यांसाठी हे ज्ञान वळवून घेणाऱ्यांत मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस हे नाव मोठं; त्यांचं ‘द रॉड इन इंडिया’ 1873 साली निघालं. पण नितळ पाण्यासाठी रचलेली ही विद्या गाळाच्या पाण्यात घेऊन उतरलं की तिचं निम्मं बळ गळून जातं. मासा वर बघत नाही, आपण खाली बघू शकत नाही.

मला मात्र हेच पाणी आवडतं, आणि त्याला कारण आहे. दिसणं बंद झालं की मासा ज्या इंद्रियांवर जगतो त्यांचा विचार करावाच लागतो. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत माशाच्या अंगावर एक बारीक रेघ असते. ती नुसती खूण नाही. पाण्याचा हलकासा धक्काही तिला कळतो. कार्पच्या कुळात तर पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते. पाण्यातून आलेल्या आवाजाने पिशवी थरथरली की ती थरथर कानाला पोचते. शिवाय मिशा आहेत, चव आहे. म्हणजे गढूळ पाण्यात मासा आंधळा होत नाही, फक्त आपण होतो.

म्हणून या दिवसांसाठी माशी वेगळी बांधावी लागते. मी मोठा गळ घेतो आणि त्याचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करतो, म्हणजे मासा सोडवताना त्याचा जबडा फाटत नाही. गळाच्या मानेशी पितळी मणी. मागे शेळीचे काळे केस, बोटभर लांब. त्यावर काळ्या कोंबड्याच्या मानेचं एक पीस आडवं गुंडाळायचं, असं की त्याचे तंतू चहूकडे ताठ उभे राहतील. रंग काळाच हवा. वरून येणाऱ्या थोड्याशा उजेडात चंदेरी, पिवळं सगळं विरघळून जातं. काळ्याची सावली तेवढी उरते. आणि ते ताठ तंतू ओढताना पाणी ढकलतात. माशाच्या अंगावरच्या रेघेला जे सांगायचं ते हे पीस सांगतं. माशी बांधून झाली की मी ती पाण्याच्या बादलीत ओढून बघतो. केस दबून गप्प बसले तर सोडून पुन्हा बांधतो.

फेकायचीही ती लांब नाही. प्रवाहाच्या मध्यभागी गाळाचा लोंढा असतो, तिथे कुठलाच मासा उगाच ताकद घालवत नाही. तो काठाला येतो, करंजाच्या मुळांपाशी, खडकाआडच्या संथ पाण्यात, कधी आपल्या पायांपासून हातभर अंतरावर. सागरकट्ट्याकडे बेस्त समाजातले एक वृद्ध कोळी आहेत, त्यांना सगळे अज्ज म्हणतात, मीही म्हणतो. हरिगोलूत, म्हणजे बांबूच्या त्या गोल नावेत बसून ते जाळी लावतात. पहिल्यांदा मला लांब फेकताना पाहून ते कन्नडमध्ये म्हणाले होते, “मासा तिकडे कुणाला भेटायला जाईल? तो इथे तुमच्या पायाशी आहे. पाय हलवू नका.” तेव्हापासून मी पाण्यात उतरत नाही. काठावर बसतो आणि आधी बघतो. मरळ असेल तर तिला श्वासासाठी वर यावंच लागतं. तेवढ्यापुरता पाण्याला एक फुगा येतो आणि मिटतो. तिच्या पुढ्यात माशी टाकून अगदी सावकाश ओढली की दोरी जड होते. झटका बसत नाही. मुळात अडकलं असावं असं वाटतं आणि मग ते मूळ चालायला लागतं.

मासा हातात येतो तेव्हाच कळतं काय होतं ते. याच एका क्षणामुळे माझं या नदीशी असलेलं नातं बदललं. ते कसं, हे सांगायला महाशीरची गोष्ट सांगावी लागेल.

म्हैसूर आणि महाशीर मासा ही जोडी जुनी आहे. शिकार केलेल्या प्राण्यांत पेंढा भरण्यासाठी जगभर नावाजलेलं व्हॅन इंजेन कुटुंब याच शहरातलं. त्या घरातल्या डी वेट व्हॅन इंजेन यांनी मार्च 1946 मध्ये कबिनी नदीत काठी-दोरीवर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर धरला. तो विक्रम आजही सांगितला जातो. कावेरीच्या खोऱ्यातला हा महाशीर कुबडाचा. डोक्यामागून पाठ एकदम उंच चढते, शेपूट आणि पर नारिंगी-तांबडे. जगात फक्त या खोऱ्यात तो होतो. एवढ्या प्रसिद्ध माशाची शास्त्रीय ओळख मात्र पक्की झाली 2018 साली, जेव्हा अभ्यासकांनी दाखवून दिलं की केरळातल्या पंबार नदीतून 2007 मध्ये वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

तो या अवस्थेला कसा आला, याची कारणं बरीच आहेत. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी. पण एक कारण लोणावळ्याहून आलं, आणि मराठी माणूस म्हणून ते मला लागतं. टाटांच्या वळवणच्या तळ्याकाठी सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970 च्या दशकात महाशीरचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं. देशात महाशीर संपत चालला असताना उभं राहिलेलं हे काम फार मोठं होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. तिथली पिल्लं देशभर गेली. त्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती कावेरीतही सोडली गेली. पण ती होती निळसर परांच्या महाशीरची, टॉर खुद्रीची. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्याचं वर्णन केलं तो आपला मासा. कावेरीत तो रुजला, फोफावला. गळाला महाशीर पुन्हा लागू लागले आणि सगळ्यांना वाटलं, नदी सावरली.

ती सावरली नव्हती, हे कळलं कशावरून, तर गळवाल्यांच्या वहीवरून. खाली गालिबोरच्या मासेमारी तळावर धरून सोडलेल्या प्रत्येक महाशीरची नोंद ठेवली जात असे. 1998 ते 2012 या काळातल्या सहा हजारांवर माशांच्या त्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निळ्या पराचे वाढत गेले होते. कुबडाचे कमी होत गेले होते, आणि जे लागत होते ते दरसाल आणखी मोठे. मोठे म्हणजे म्हातारे. त्यांच्या मागे पिल्लं नव्हती. एकूण आकड्याकडे बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. मासा सोडण्याआधी ज्याने त्याच्या पराचा रंग लिहून ठेवला, त्याच्यामुळे ते दिसलं.

संरक्षित जंगलातली ही मासेमारी पुढे बंद झाली, कारण वन्यजीव कायद्याच्या नजरेत ती शिकारच. गळवाले गेल्याने नदीवरचा पहाराही गेला, असं काही अभ्यासकांनी मांडलं. मला दोन्ही बाजू कळतात. पण माझा कल वहीच्या बाजूने आहे. नोंद ठेवणारी माणसं नदीवर असायला हवीत, मग त्यांच्या हातात काठी असो वा नसो. म्हणून मीही एक वही ठेवतो.

गावी गेलो की माझी आत्या विचारते, “सोडूनच द्यायचा तर धरतोस कशाला रे?” कोकणात मासा खाण्यासाठी धरतात; पोटासाठी धरण्यात पाप नाही, पण खेळासाठी टोचायचं म्हणजे काय, हा तिचा प्रश्न सरळ आहे. तिला मी अजून पुरतं उत्तर दिलेलं नाही. येलवालात हा प्रश्न मला जास्तच बोचतो, कारण सप्टेंबर 1957 मध्ये याच गावात ग्रामदान परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंतप्रधान नेहरू आले होते, केरळचे मुख्यमंत्री नंबूद्रीपाद आले होते, आणि मधोमध होते विनोबा. आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. त्यांनी माझी काठी पाहिली असती तर त्यांना ती आवडली नसती, यात मला शंका नाही. पण जमीन कुणा एकाची नाही हे म्हणणं ज्यांनी इथवर चालत आणलं, त्यांच्यापुढे मी नदीचा विषय नक्की काढला असता. नदी तर कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही, म्हणूनच ती सगळ्यांनी ओरबाडली, आणि ज्यांना तिचं भलं करायचं होतं त्यांनीही आधी तिच्यात राहतं कोण हे पुरतं पाहिलं नाही.

आमच्या रायगडातच महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. इथेही धरणाच्या वर, रामनाथपुराच्या घाटावर कावेरीतले मासे असेच राखलेले आहेत. लोक त्यांना चुरमुरे घालतात आणि नावानिशी ओळखल्यासारखे बघत बसतात. माझ्या वहीपेक्षा ही राखण कितीतरी जुनी आणि खात्रीची. तिथे जाऊन मी नुसता बघतो.

सागरकट्ट्याला मात्र धरतो, आणि काही गोष्टी पाळतो. हात ओला केल्याशिवाय मासा धरत नाही, कारण कोरड्या हाताला अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग बुरशी धरते. पाण्याबाहेर काढत नाही. बाजूने वळवतो, पराचा रंग बघतो, पाठ बघतो, सोडतो. एप्रिलमध्ये पाणी कोमट झालं की काठी गुंडाळून ठेवतो, कारण तेव्हा पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडूनही जगत नाही. वहीत मरळ आहे, चिलापी भरपूर आहे, कटला आहे, निळ्या पराचा महाशीर आहे. त्यातला बराचसा मेळा बाहेरून आणून सोडलेला. अज्ज लहान होते तेव्हा यातले निम्मे इथे नव्हते, असं तेच सांगतात.

कुबडाचा महाशीर माझ्या वहीत नाही. तो अजून मोयारमध्ये आहे, निलगिरीच्या पायथ्याशी, कावेरीच्या खोऱ्यातल्या, जंगलातून वाहणाऱ्या त्या नदीत. 2018 साली त्याची ओळख पटली ती तिथल्या माशांवरून. येलवालहून मोयार काही फार लांब नाही. पण त्या पाण्यात गरी टाकायची इच्छा मला नाही, आणि कुणी टाकू नये असं मला वाटतं.