मंडळी आणि जमात

वसईला राहणाऱ्या माझ्या एका सहकारी बाईंचे वडील वारले. महिन्याने त्यांच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा होता, त्याला त्यांनी मला बोलावलं. अठरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो, न जाण्याचा प्रश्नच नव्हता. काही वाचक विचारतीलच, म्हणून आधीच सांगते. नजरानहून आलेल्या ख्रिस्ती लोकांनी मदिनेत खुद्द मशिदे-नबवीत आपली प्रार्थना केली, अशी नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. मी तर नुसती शेवटच्या बाकावर बसले होते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. गझलेत 'कलीसा' आला की फळ्यावर लिहून देते, कलीसा म्हणजे गिरजाघर. इतकी वर्षं इमारत म्हणूनच शिकवलं. या निमित्ताने शोधलं तेव्हा कळलं की त्याचं मूळ ग्रीक 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमवलेली सभा. मराठी बायबलात त्यासाठी 'मंडळी' हा शब्द आहे. 'काय मंडळी, जेवलात का?' यातला तोच! म्हणजे आधी माणसं, इमारत मागाहून. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक एकमेकांच्या घरीच जमत. आपल्याकडे मशिदीचं नाव सजद्यावरून पडलं, आणि जमण्याचा अर्थ जुमा, जमात, जामा या शब्दांत राहिला.

मिस्सा मराठीत होता. 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेआधी तो लॅटिनमध्ये व्हायचा. बाईंच्या आजीला म्हणे त्यातलं एक अक्षर कळत नसे, तरी ती कधी चुकवत नसे. बायका, पुरुष, किरकिरणारी पोरं, सगळे एका छताखाली. पहिलं वाचन एका तरुण मुलीने केलं. मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग भाकर मोडली गेली. लोक रांगेने पुढे गेले, मी बाकावरच थांबले. हजरत ईसांना आपण पैगंबर मानतो, त्यांची श्रद्धा त्यापुढची आहे, तो फरक मी विसरले नव्हते. पण त्या रांगेमागची एक गोष्ट मला फार भिडली. करिंथच्या मंडळीत पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना पत्रातून चांगलंच झापलं, की हे प्रभूचं भोजन नव्हेच. एकमेकांसाठी थांबायचं, हीच उपासना. नमाज एकट्याने अदा होते, जमातीने पढली तर सवाब सत्तावीस पट. हे भोजन मात्र एकट्याने घरी मांडायची गोष्टच नाही.

2020 चा ईस्टर मला आठवला. चर्च बंद, मिस्सा मोबाइलवर. 'दिसतं सगळं, हातात काही येत नाही,' असं बाई तेव्हा फोनवर म्हणाल्या होत्या. त्याच महिन्यात आपला रमजान लागला. मशिदी बंद, तरावीह घरात. आमच्या घरातले पुरुष हळहळत होते. मला, अल्लाह माफ करो, जरा हसूच येत होतं. त्यांना जे एक रमजान सोसावं लागलं, ते आमचं रोजचंच. जुमा बायकांवर फर्ज नाही हे खरं, पण मनाईही नाही. तरी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत आमच्यासाठी एक सफसुद्धा नाही.

भाकर वाटण्याआधी फादरांनी सगळ्यांना एकमेकांना शांती द्यायला सांगितलं होतं. माझ्या पुढच्या बाकावरची म्हातारी वळली, हात जोडून 'शांती' म्हणाली. माझ्या तोंडून सवयीने 'वालेकुम सलाम' निघून गेलं. ती छान हसली.

परतताना बाईंना सांगितलं, की आमची नमाजही सलामानेच संपते, आधी उजवीकडे मान वळवून, मग डावीकडे. त्यांनी सहज विचारलं, "मग तुमच्या बाजूला कोण असतं?"

फरिश्ते असतात, मी म्हटलं. ते खरंच आहे. पण घरी उजवीकडे माझं कपाट आहे आणि डावीकडे खिडकी.

त्या रात्री ईशाला मुलीला हाक मारली. उद्या पेपर आहे म्हणून कुरकुरत आली. जानमाज माझ्या जानमाजीला चिकटवून अंथरली आणि म्हणाली, "अम्मी, जरा सरक ना."