पंचाहत्तर टक्के आई

आपल्याकडे काही आकड्यांना नुसते हात जोडायचे असतात. प्रश्न विचारायचे नसतात. कॉलेजातला 75 टक्के हजेरीचा आकडा त्यातलाच. पोरगा कॅन्टीनमध्ये वडा खात असतो, दोस्त वर्गात त्याच्या नावाने 'येस सर' ओरडतो आणि हजेरी भरते. पोरगी बाळंत झाली की मात्र रजिस्टर एकदम हरिश्चंद्र होतं!

सुभद्रेचंच बघा. चक्रव्यूहाच्या तासाला बिचारीला डुलकी लागली, त्याबद्दल लोक तिला अजून बोलतात. आज ती कॉलेजात असती तर परीक्षेचा फॉर्मच अडला असता. अभिमन्यूची हजेरी तेवढी चोख.

मी पडलो बँकेतला कारकून. कुठलंही दुःख आधी आकड्यांत मांडून बघतो. सहामाहीत शिकवण्याचे दिवस साधारण 90. त्यातले चुकवता येतात 22. बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे धरा 40 दिवस. रविवार वजा जाता 34. तूट 12. बाळाचा ताप, लशी वगैरे किरकोळ खर्च वेगळा. नोकरदार बाईला 2017 पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे भरपगारी रजा. कळा त्याच, बाळ तसंच. पण पगार घेत असाल तर रजा, फी भरत असाल तर शेरा!

शेजारच्या काकूंची सून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन महिन्यांचं बाळ माझ्या मांडीवर देऊन ती माझ्याकडे कॉस्टिंगची गणितं सोडवते. (बाळाने आजवर माझे दोन लेंगे बुडीत खाती टाकले.) कॉलेजच्या खिडकीवर तिला सल्ला मिळाला, "पुढच्या वर्षी बसा की!"

"एकच तर वर्ष आहे ना काका?" ती डोळे पुसत म्हणाली.

मला खात्यांचा स्वभाव माहीत आहे. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. पैसे बुडत नाहीत, पण माणूस परत खिडकीशी यायला कचरतो. पुढच्या वर्षी बाळ रांगणार, मग पळणार, मग त्याची शाळा. हे 'पुढचं वर्ष' कुठल्याच पंचांगात सापडत नाही.

तेव्हा आम्ही अर्ज केला. अर्ज ही कारकुनाची एकमेव वाङ्मयसेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली पीएच.डी.च्या मुलींना 240 दिवसांपर्यंत रजेची सोय केली. डिसेंबर 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलं की, पदवीच्या मुलींनाही हजेरीत आणि फॉर्मच्या मुदतीत सवलत देणारे नियम करा. कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठाने तर डिसेंबर 2022 मध्ये 60 दिवसांची रजा मंजूरही केली. सगळं तारीखवार मांडलं आणि खाली 'आपली विश्वासू'.

प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. परीक्षेला शिपायाने जिन्याखालची खोली झाडून दिली. एक खुर्ची, एक पंखा, दाराला आतून कडी. कॉलेजचा खर्च शून्य. पेपर संपेपर्यंत काकू नातवाला घेऊन तिथे बसायच्या.

निकाल अजून लागायचा आहे. पण काकू चाळभर सांगत सुटल्या आहेत, "आमच्या बाळाने बी.कॉम.चा एकही पेपर चुकवला नाही हो!"