फासे, कवड्या आणि रामशेजचा वेढा

टेबलाभोवती चार-पाच जण, एक सूत्रधार, कागद, पेन्सिल, फासे. सूत्रधार प्रसंग सांगतो. प्रत्येक खेळाडू आपले पात्र काय करते ते बोलून सांगतो, आणि निकाल खरोखर अनिश्चित असेल तिथेच फासा पडतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे एवढेच. नाशिकमध्ये मी पाहिलेली बहुतेक टेबले इंग्रजीत बोलतात आणि युरोपातल्या जंगलांत हिंडतात. हाच खेळ मराठीतून, आपल्या मुलखातल्या प्रसंगांवर खेळला तर तो अधिक रंगतो, असे माझे ठाम मत आहे. पुढची टिपणे त्या मताची आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानाची.

*

या खेळाची वंशावळ माहीत असावी. चतुरंग आपल्याकडचा. त्याचे बुद्धिबळ होऊन युरोपात रुजले. १७८० मध्ये हेलविग या जर्मन शिक्षकाने पटावर नद्या, डोंगर, गावे आणून त्याचा युद्धखेळ केला. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने लष्करासाठी जो युद्धखेळ सादर केला त्यात एक पंच होता. शत्रूचे काय दिसते आणि काय दिसत नाही, हे पंच ठरवायचा. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्लीने प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक माणूस खेळायला दिला. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला. आजचा सूत्रधार हा त्या प्रशियन पंचाचा वारस. त्याचे पहिले काम अजूनही तेच आहे: कोणाला काय दिसते ते प्रामाणिकपणे सांगणे.

*

फासे. सात फाशांचा संच मिळतो: चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे एकेक, शिवाय टक्केवारीसाठी दहा बाजूंचा आणखी एक. नवख्याने एकच संच घ्यावा, साध्या प्लॅस्टिकचा, ठळक आकड्यांचा. चकचकीत रंगात बुडालेले आकडे रात्रीच्या दिव्यात वाचता येत नाहीत आणि दर फेकीला खेळ अडतो. धातूचे फासे हाताला छान लागतात, पण टेबलाला खळगे पाडतात. चार बाजूंचा फासा घरंगळतच नाही, पडतो तिथे बसतो. मी त्याऐवजी आठ बाजूंचा टाकून आकडा निम्मा करतो, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरतो.

*

फासा खरा आहे का हे पाहायला पेल्यात कोमट पाणी घ्यावे आणि फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवावे. बोटाने ढकलून तो पुनःपुन्हा फिरवावा. दर वेळी एकच आकडा वर येत असेल तर आत पोकळी आहे किंवा एक बाजू जड आहे. ही चाचणी प्लॅस्टिकच्या फाशांपुरती. धातूचा फासा बुडतोच.

*

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला मला सगळ्यात आवडणारा नियम: परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा घ्यायचा. अकरा किंवा जास्त हवे असतील तर शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते. पण नेमका वीसच हवा असेल तर ५ वरून फक्त ९.७५ वर. म्हणजे मध्यम अवघड कामात मदत भरघोस होते आणि अशक्यप्राय काम जवळजवळ तसेच राहते. बेरीज-वजाबाक्यांची लांबलचक यादी या एका नियमाने संपली.

*

फासे नाहीत म्हणून खेळ अडू नये. पंचवटीत पूजेच्या सामानाच्या दुकानात कवड्या मिळतात. सहा कवड्या टाका आणि उताण्या किती पडल्या ते मोजा. मधले आकडे वारंवार येतात, सगळ्या उताण्या किंवा सगळ्या पालथ्या क्वचित. एका फाशात प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी असते, कवड्यांत तसे नसते, त्यामुळे टोकाचा निकाल आला की टेबलावरचे सगळे पुढे वाकतात. सारीपाट खेळलेल्या आजींना हे समजावावे लागत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याचे फासे बेहड्याच्या फळांचे आहेत. त्रिफळ्यातला हा बेहडा सह्याद्रीच्या जंगलात आजही आहे. अनिश्चिततेशी खेळण्याची साधने या मुलखाला नवी नाहीत.

*

फासे टाकायला भांडी बाजारातले जुने तांब्याचे ताम्हण उत्तम. कड उंच असते, फासा बाहेर जात नाही. आत बनातीचा तुकडा गोल कापून घालावा, नाहीतर आवाजाने संवाद बुडतात. फाशांसाठी खास कातडी ताटे विकत मिळतात. माझ्या मते ती अनावश्यक आहेत.

*

लहान मूर्ती, म्हणजे मिनिएचर. बाहेरून मागवलेल्या साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीच्या असतात, रंगवायला वेळ लागतो आणि खर्चही बराच होतो. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आपल्या घरी असतातच. ढाल-तलवारवाला, भालदार, तुतारीवाला, तोफेजवळचा. ते उंचीला मोठे, म्हणून एक इंचाच्या नेहमीच्या चौकोनात बसत नाहीत. दोन इंचांचे चौकोन आखले की प्रश्न मिटतो. दिवाळी सरल्यावर मावळे माळ्यावर न टाकता खोक्यात कापूस घालून ठेवावेत.

*

बोहाड्याचे मुखवटे मात्र खेळाच्या टेबलावर आणू नयेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पाड्यांत ते देवाचे सोंग असते, श्रद्धेचा भाग असतो. तिथे जाऊन आदराने पाहावे. सोंग घेतलेला माणूस चाल कशी बदलतो, खांदे कसे टाकतो, हे पाहिले तर पात्र उभे करण्याचा तो फार मोठा धडा आहे.

*

सूत्रधाराचा उभा पडदा. टिपणे झाकायला उपयोगी, फासे झाकायला वापरू नये. पडद्याआड फासा टाकणाऱ्या सूत्रधारावर हळूहळू विश्वास उरत नाही, कारण पात्र वाचले ते नशिबाने की दयेने हे कोणालाच कळत नाही. मी सगळे फासे उघड्यावर टाकतो. जुन्या बॉक्स फाईलचे दोन पुठ्ठे चिकटपट्टीने जोडले की पडदा तयार. नकाशाला चौकटीची वही पुरते.

*

आता रामशेज. नाशिक शहरापासून पेठच्या रस्त्याने जवळच, पायथ्याला आशेवाडी. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला. हा छोटा गड काही दिवसांत पडेल असा अंदाज होता, पण छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात तो वर्षानुवर्षे झुंजला. शहाबुद्दीन खानाने तटापर्यंत पोचायला लाकडी दमदमा उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा शिबंदीने लाकडाच्या तोफा करून त्यांना चामडे लावले, अशी नोंद मोगल इतिहासकार खाफीखानाने केली आहे. पुढे बहादूरखान आला. त्याच्याकडच्या एका मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करवून घेतला, तो हाती धरून पुढे चालू लागला, आणि गडावरून आलेला गोफणीचा दगड त्याला लागला, अशी हकीगत सांगतात. कल्पित राक्षसाच्या गुहेत शिरण्यापेक्षा हा वेढा खेळायला कितीतरी चांगला आहे.

*

रामशेजसाठी पात्रे कोणती? शिवकाळात गडावरचा अधिकार एकाच्या हाती नसे. हवालदाराकडे किल्ल्या, सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे कोठारे. हीच वाटणी खेळाडूंत करावी. कोठार किती उरले हे फक्त कारखानिसाला सूत्रधाराने चिठ्ठीवर लिहून द्यायचे. दरवाजा उघडायचा तर हवालदार हवाच. कोणीही एकटा काही करू शकत नाही, म्हणून टेबलावर बोलणे वाढते. जादूगार, योद्धा, चोर या ठरीव पात्रांपेक्षा ही रचना मला सरस वाटते. जखमांचे गुण मोजण्याऐवजी धान्याची पोती आणि टाक्यातले पाणी मोजावे.

*

नियम कोणते? वेढ्यासाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जड पडते, त्यातली बरीच पाने हातघाईच्या लढाईवर आहेत. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० मधल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ची पद्धत घ्यावी. सहा बाजूंचे दोन फासे. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते. सात ते नऊ आले तर काम होते, पण किंमत मोजावी लागते. सहा किंवा कमी आले तर संकट. सात ते नऊची शक्यता ३६ पैकी १५. लाकडी तोफ डागताना हे अगदी चपखल बसते: गोळा गेला, पण लाकूड तडकले. आता कारखानिसाकडे दुसरा ओंडका मागायला कोण जाणार?

*

जॉन हार्परच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मधून एकच गोष्ट उचलावी, घड्याळ. कागदावर वर्तुळ काढून त्याचे आठ भाग करायचे आणि खाली लिहायचे ‘दमदमा’. खेळाडू चुकले किंवा रेंगाळले की एक भाग काळा करायचा. वर्तुळ भरले की दमदमा तटाला भिडला. टेबलावरच्या प्रत्येकाला वेळ डोळ्यांनी दिसतो. पेन्सिलीशिवाय खर्च शून्य. खेळाच्या सगळ्या सामानात एवढे कामाचे दुसरे काही मला आढळलेले नाही.

*

इतिहास खेळताना आधी बोलून घ्यावे. माझ्या टेबलावर पाळतो ते नियम: छत्रपती कोणाचे पात्र होत नाहीत, त्यांचा खलिता येतो. खेळाडू शिबंदीतले अनाम लोक असतात. समोरच्या छावणीतलीही माणसेच असतात, थकलेली, घराकडे डोळे लागलेली. जात आणि धर्म यांवरून कोणाला टोचेल असे काही आले तर जॉन स्टाव्ह्रोपोलोसने सुचवलेले एक्स कार्ड वापरायचे. टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेला कागद, त्याला कोणीही हात लावला की प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचे नाही. हे नियम केल्यापासून लोक जास्त मोकळेपणाने खेळतात.

*

भाषेचा फरक मी टेबलावर ऐकतो. इंग्रजीत खेळताना मुले ‘मी हल्ला करतो’ म्हणून फाशाकडे हात नेतात. मराठीत तोच मुलगा म्हणतो, ‘सबनीसकाका, माझी हजेरी मांडू नका, मी रात्रीतून खाली उतरतोय.’ या एका वाक्यात नाते, लबाडी आणि पुढचा प्रसंग, तिन्ही येतात. नियम याहून जास्त काही देऊ शकत नाहीत.

*

शेवटचे टिपण कामाचे. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकाने पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मूळ दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय नमूद केले की त्याचे भाषांतर करता येते, छापता येते, विकताही येते. परवानगी मागत बसण्याची गरज नाही. ज्यांना हा खेळ आवडतो आणि मराठी नीट लिहिता येते त्यांनी पात्र तयार करण्याच्या पानांपासून सुरुवात करावी. शाळेतल्या मुलाला स्वतः वाचून समजतील अशी ती व्हावीत. छापील फासे-पट नंतर येतील. आधी नियम मराठीत हवेत.