जिप्सम

पीठ, चुना, शंखजिरें आणि जिप्सम यांची पूड शेजारीं शेजारीं मांडली, तर चौघींचा रंग जवळजवळ एकच दिसेल. मनुष्याप्रमाणें पदार्थाचीही पारख वरच्या रंगावरून होत नाहीं. यांपैकीं शेवटच्या पुडीविषयीं मला विशेष आदर वाटतो. त्याचें कारण सांगण्याकरितां हा अल्पसा लेख लिहीत आहें.

जिप्सम हें मूळचें खनिज असून आपल्या देशांत तें मुख्यत्वें राजस्थानांत निघतें. आपल्या परभणी जिल्ह्याचा काळा दगड लोखंडी खिळ्यालाही दाद देत नाहीं. जिप्समवर मात्र नुसत्या नखानें रेघ उठते. फ्रीड्रिख मोहस या शास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्या ठरविल्या, त्यांत शंखजिरें पहिल्या व जिप्सम दुसऱ्या पायरीवर आहे. आश्चर्य हें कीं, कोरड्या दिसणाऱ्या या पदार्थाच्या वजनांत शेंकडा सुमारें २१ भाग पाणीच असतें! सुमारें १५० अंश उष्णता दिली म्हणजे त्यांतील पाऊण हिस्सा पाणी उडून जातें व प्लॅस्टर ऑफ पॅरिस तयार होतें. तें पाण्यांत कालविलें कीं गेलेलें पाणी परत घेऊन घट्ट होतें. मोडलेल्या हातास डॉक्टर जें प्लॅस्टर घालतात, तें हेंच. फळ्यावरचा खडूही पुष्कळदां याचाच असतो.

परंतु माझ्या आदराचें कारण त्याचें विरघळणें हें आहे. एक लिटर पाण्यांत मीठ सुमारें ३५० ग्रॅम विरघळतें. जिप्सम दोन-अडीच ग्रॅमच, आणि चुनखडी त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी.

आमचें शेत जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालीं येतें. धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें आणि पुढें कालव्याच्या पाण्यानें कोरडवाहू रानांत ऊंस उभा राहिला. पण काळ्या मातीचा निचरा मंद. आमच्या सखल तुकड्यांत वर्षानुवर्षें पाणी साचून जमीन चोपण झाली. ओली असतां ती साबणासारखी बुळबुळीत, वाळली कीं खापरासारखी कठीण. पेरलेलें बीं वर येईना. घरांत तो तुकडा विकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हां आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहींत.

वडिलांनीं माती तपासून घेतली. तींत सोडियम फार वाढला होता. सोडियम मातीचे कण सुटे करतो व ते कण पाण्याच्या वाटा बुजवितात. कॅल्शियम त्यांस पुन्हां एकत्र आणतो. आजोबांनीं विचारलें, "अरे, आपल्या रानांत चुनखडीचे खडे थोडे का आहेत? मग कॅल्शियमची वाण कशी?" प्रश्न रास्त होता. चुनखडी अशा मातींत विरघळतच नाहीं, म्हणून तिचा कॅल्शियम कुलुपांत पडून राहतो. जिप्सम हळूहळू विरघळून आपला कॅल्शियम देतें, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. मात्र त्या पाण्यास वाट हवी. म्हणून वडिलांनीं प्रथम चर खणले व मगच जिप्सम टाकलें.

तिसऱ्या वर्षीं तेथें ज्वारी आली. ती शेजारच्या रानाइतकी भरली नव्हती; तरी विक्रीची भाषा बंद झाली.

विद्यार्थिमित्रहो, चोपण माती मिळाल्यास ती पावसाच्या पाण्यांत ढवळून दोन पेल्यांत ओता व एकांतच चिमूटभर जिप्सम टाका. त्या पेल्यांतील गाळ लवकर खालीं बसून वरचें पाणी निवळेल. दुसरा गढूळच राहील. पालकांस एवढीच विनंती कीं, माती तपासल्यावांचून जिप्सम विकत घेऊं नये. नुसत्या खारवट जमिनीस निचरा व गोडें पाणी पुरतें. जिप्समचें काम चोपण जमिनींत आहे, आणि तेंही मोजून टाकल्यास.

मिठासारखें एकदम विरघळून जाणें किंवा चुनखडीसारखें मुळींच न विरघळणें, या दोहोंच्या मधला जो संथ दातेपणा, त्यानेंच आमची जमीन राखली.