लुकमा

मी मदरशात राहून शिकलो आहे हे कळले की वर्गमित्र हमखास विचारतात, "तिथे तुला करमायचे कसे?" या प्रश्नाचे उत्तर मला बरीच वर्षे देता आले नाही.

2015 साली, माझ्या नवव्या वर्षी, अब्बांनी मला परभणी जिल्ह्यातल्या एका मदरशात ठेवले. पहिले आठ दिवस मी नुसता रडलो. फजरच्या नमाजाआधी उठायचे, नवा सबक हाफिजसाबांना म्हणून दाखवायचा, मग मागचा उजळायचा. कुरआन शरीफचे 30 पारे. नवे पाठ होई तसे जुने निसटे. म्हणून आमच्या जोड्या असत. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने ऐकायचे. माझा जोडीदार एका ऊसतोड कामगाराचा मुलगा. आम्ही चौघे एकाच मोठ्या ताटात जेवायचो. असरनंतर मगरिबपर्यंत क्रिकेट. तो कुठे अडखळतो हे मला पाठ झाले, मी कुठे अडखळतो हे त्याला.

2019 मध्ये अब्बा आजारी पडले. 17 पारे झाले असताना मी घरी आलो आणि मराठी शाळेत गेलो. पुढे आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिला मुलगा ठरलो. अम्मी कधी काही बोलली नाही; पण राहिलेले 13 पारे मला सलत. तो मात्र हाफिज झाला.

2025 च्या रमजानात आमच्या मशिदीत तरावीहची नमाज पढवायला तोच आला. म्हणाला, "माझ्या मागे तू उभा राहा." इमाम अडला तर मागून पुढचा शब्द सांगायचा असतो. त्याला 'लुकमा देणे' म्हणतात. लुकमा म्हणजे घास.

"मला सतराच येतात रे."

"मग सतरापर्यंत तू. पुढे दुसरा कुणी."

रोज रात्री दीड पारा व्हायचा. दुपारी आम्ही पूर्वीसारखे समोरासमोर बसून तो एकमेकांना म्हणून दाखवायचो. चौथ्या रात्री तो नेमका जुन्याच जागी थांबला. माझ्या तोंडून शब्द आपोआप गेला आणि त्याचा आवाज पुन्हा चालू लागला. बाराव्या रात्री सतरावा पारा संपला. सलाम फिरल्यावर मी गावातल्या वयस्कर हाफिजसाबांना जागा दिली आणि मागच्या सफीत उभा राहून ऐकत राहिलो. तेव्हा प्रथमच ते 13 पारे सलले नाहीत.

तिथे करमायचे कसे? आपण कुठे विसरणार हे ठाऊक असलेला एक जण शेजारीच झोपलेला असायचा, म्हणून.