पंख फुटलेली बस

रोज समोर येणारी वस्तू आपण खरोखर पाहतो का? आमच्या हिंगण्याच्या रस्त्यावरून दिवसभर बसगाड्या धावतात. एम.आय.डी.सी.तल्या कामगारांनी त्या खचाखच भरलेल्या असतात. पण घरी येऊन कोणी म्हणत नाही, "अम्मी, आज मी बस पाहिली!" बसमध्ये पाहण्यासारखे आहे तरी काय?

आता अशी कल्पना करा, की त्याच बसला पंख फुटले आहेत. मग तुम्ही थांबाल की नाही? सुदर्शन शेट्टी या कलावंताने नेमके हेच केले. २०१२ साली मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांची लाल दुमजली बस उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना धातूचे प्रचंड पंख होते! अशा कलेला 'मांडणशिल्प' म्हणतात. ओळखीची वस्तू अनोळखी रूपात समोर येते आणि आपले डोळे जागे होतात.

ही गंमत फक्त मोठ्या कलावंतांचीच आहे, असे मात्र समजू नका. आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, असे सांगतात. बांबू, कागद आणि कापड यांचे हे अवाढव्य पुतळे पाहायला सारे शहर लोटते. सोबत 'बडगे' असतात. कोणी महागाईचा बडगा करतो, तर कोणी भ्रष्टाचाराचा. लोक हसतात आणि हसता हसता विचारही करतात. शेवटी पुतळे जाळून टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवे घडवतात.

कॅमेऱ्यानेही असा चमत्कार करता येतो. एकदा मी मुलांना मैदानावर नेले. तान्ह्या पोळ्याचा वीतभर लाकडी बैल कॅमेऱ्याजवळच्या कठड्यावर ठेवला आणि एका मुलाला वीस-पंचवीस पावले दूर उभे केले. छायाचित्रात बैल हत्तीएवढा दिसला आणि मुलगा त्याच्या पायाशी बाहुल्यासारखा! जवळची वस्तू मोठी दिसते, दूरची लहान. छायाचित्रात मात्र मधले अंतर कळत नाही. एवढेच त्यामागचे शास्त्र.

"पण सर, याचा उपयोग काय?" एका मुलीने विचारले. प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर मला पुढे शाळेच्या प्रदर्शनात मिळाले.

आमच्या वर्गात एक अबोल मुलगा होता. त्याच्या वडिलांचे भंगाराचे दुकान होते. 'अब्बा काय करतात?' असे कोणी विचारले, की तो मान खाली घालून 'धंदा' एवढेच म्हणे. प्रदर्शनासाठी त्याने सायकलचे वाकडे रिम, जुन्या चेन, पत्र्याचे डबे आणि दोन पळ्या आणल्या. त्या जोडून त्याने एक पक्षी केला आणि शाळेतल्या कडुलिंबाला टांगला. वारा आला, की चेन डब्यांवर आपटत आणि पक्षी किणकिणत असे. मुले भोवती जमली. "हे सगळे कुठून आणलेस रे?" कोणीतरी विचारले.

"आमच्या अब्बांच्या दुकानातून," तो मोठ्याने म्हणाला.

संध्याकाळी त्याचे वडील आले. हात पाठीमागे बांधून ते बराच वेळ झाडाखाली उभे राहिले. जाताना मला म्हणाले, "सर, ही चेन वजनावर किती रुपयांची, ते मला ठाऊक होते. ती वाजते, हे ठाऊक नव्हते."